प्रेअरीवरचे हॉक ओळखायचे कसे? रंग सगळ्यात शेवटी बघा

कोलोरॅडोत डेन्व्हर, बोल्डर, फोर्ट कॉलिन्सला नवीन आलेली आपली मंडळी शनिवार उजाडला की पश्चिमेला डोंगरात पळतात. पूर्वेला काय आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही हो, सपाट आहे सगळं." त्या सपाट प्रेअरीवर, म्हणजे गवताळ माळरानावर, नोव्हेंबर ते मार्चमधल्या उन्हाच्या सकाळी गाडीतून न उतरता चार-पाच जातींचे हॉक, म्हणजे शिकारी पक्षी, बघता येतात, आणि तेही झाडीत दडलेले नाहीत, खांबावर चक्क उघड्यावर बसलेले. पक्षी बघायला सुरुवात करायची तर याच्याइतकी सोपी जागा मला तरी माहीत नाही. अडचण एकच, दिसतात भरपूर पण ओळखू येत नाहीत. सगळे तपकिरी-पांढरे, सगळे साधारण एकाच मापाचे, आणि मोबाईलवर फोटो जुळवत बसलं की प्रत्येक फोटो प्रत्येक पक्ष्याशी जुळतोय असं वाटायला लागतं.

असं होतं कारण नवीन माणूस पहिल्यांदा रंग बघतो. हॉकच्या बाबतीत रंग म्हणजे सगळ्यात बेभरवशाचा पुरावा. एकाच जातीत फिके पक्षी असतात, गडद असतात, पार काळपट पण असतात, पिल्लं आईबापांपेक्षा वेगळी दिसतात, आणि वर ऊन मागून आलं की सगळेच काळे. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी तारीख, मग जागा, मग बसलाय कशावर, मग उडतोय कसा, मग एखादी पक्की खूण, आणि रंग अगदी शेवटी. या क्रमाने गेलात तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच निम्म्याहून जास्त पक्षी जमतील.

आधी कॅलेंडर

हे लोक विसरतात आणि हेच सगळ्यात फुकटचं आहे. इथल्या मोकळ्या रानात हॉक म्हणण्यासारखे मुख्य पाच: रेड-टेल्ड, स्वेन्सन्स, फेरुजिनस, रफ-लेग्ड आणि नॉर्दर्न हॅरियर. यातला स्वेन्सन्स फक्त उन्हाळ्यातला, साधारण एप्रिलच्या मध्यात येतो आणि सप्टेंबर संपता संपता निघून जातो, थेट अर्जेंटिनाच्या गवताळ प्रदेशात, एका बाजूचा प्रवास जवळपास 10,000 किलोमीटर. रफ-लेग्ड त्याच्या उलट, तो आर्क्टिकमध्ये पिल्लं वाढवतो आणि इथे फक्त थंडीत येतो. म्हणजे जानेवारीत कुणी "स्वेन्सन्स दिसला" म्हणालं किंवा जुलैत "रफ-लेग्ड दिसला" म्हणालं तर नव्व्याण्णव टक्के दुसरंच काहीतरी दिसलंय. रेड-टेल्ड बारा महिने. फेरुजिनस पण बाराही महिने कुठे ना कुठे असतो पण थंडीत शहराजवळ बघायला सोपा. हॅरियर थंडीत जास्त.

बघा, दुर्बीण उचलायच्या आधीच पाचातला एक गळला.

सुरुवात थंडीतच करा असा माझा सल्ला. पानं गळलेली असतात, दिवस लहान असल्यामुळे पक्ष्यांना दिवसभर खाण्याच्या मागे राहावं लागतं, आणि हवा थंड असली की जमिनीवरून उठणारी ती गरम थरथर कमी असते, नाहीतर मे-जूनच्या दुपारी अर्ध्या मैलावरचा पक्षी दुर्बिणीत नुसता वितळताना दिसतो.

जायचं कुठे

पहिली फेरी रॉकी माउंटन आर्सेनलची करा. डेन्व्हरच्या अगदी शेजारी, कॉमर्स सिटीला. 1942 मध्ये युद्धासाठी रासायनिक शस्त्रं बनवायला उभारलेली ही जागा, नंतर तिथे कीटकनाशकं बनायची, सगळं विषारी झालं, मग साफसफाई झाली आणि आज ते राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. 11 मैलांचा वाइल्डलाइफ ड्राइव्ह आहे, फी नाही, गाडीत बसूनच फिरायचं. बायसन आहेत, हरणं आहेत, त्यामुळे घरची मंडळी पण कुरकुर करत नाहीत, आणि महत्त्वाचं म्हणजे प्रेअरी डॉगच्या मोठ्या वसाहती आहेत. प्रेअरी डॉग म्हणजे कुत्रा नाही हो, खारीच्या कुळातला बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी. जिथे तो तिथे थंडीत फेरुजिनस, हे समीकरण पाठच करून टाका.

थोडी नजर बसली की मग पॉनी नॅशनल ग्रासलँड. फोर्ट कॉलिन्सहून हायवे 14 धरायचा, ऑल्ट ओलांडून ब्रिग्सडेल. डेन्व्हरहून धरा दीड ते पावणेदोन तास. 1930 च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतं उद्ध्वस्त झाली तेव्हा सरकारने विकत घेतलेल्या जमिनींतून हे कुरण तयार झालं, 1960 मध्ये त्याला नॅशनल ग्रासलँड हा दर्जा मिळाला. पण ते एकसलग नाही, एक तुकडा सरकारी, एक तुकडा खासगी, असं बुद्धिबळाच्या पटावर असतं तसं पसरलंय. त्यामुळे कुंपण दिसलं की सरळ रस्त्यावरच थांबायचं, आत घुसायचं नाही. मध्येच कुठेतरी जाळीचं कुंपण घातलेला छोटासा चौकोन दिसेल, आत काहीच नाही असं वाटेल. ते मिसाईलचे सायलो, म्हणजे जमिनीखालची कोठारं आहेत, खरंच, हवाई दलाची. तिथे गाडी लावून कॅमेरे काढत बसू नका.

ब्रिग्सडेलच्या जवळ क्रो व्हॅली म्हणून कॅम्पग्राउंड आहे, तिथे आजूबाजूच्या मैलोन् मैल गवतात मोठी झाडं एवढीच, म्हणून उन्हाळ्यात तिथे नक्की थांबा. आणि पॉनी ब्यूट्स म्हणजे ते दोन उंच सुळके बघायला गेलात तर लक्षात ठेवा की कड्यांवर शिकारी पक्ष्यांची घरटी असतात, त्यामुळे 1 मार्च ते 30 जून तिथला काही भाग माणसांना बंद असतो. पाटी वाचा आणि ऐका.

आर्सेनल किंवा पॉनी लांब पडत असेल तर कुठलाही मातीचा काउंटी रोड चालतो. या भागातले रस्ते एकेक मैलावर सरळ रेषेत आखलेले आहेत, त्यामुळे चौकोन करून फिरता येतं, चार मैल गेलात, वळलात, दोन मैल, परत वळलात. शेतं, कुरण, प्रेअरी डॉगची वसाहत असं आलटून पालटून येणारा पट्टा शोधा.

गाडीतून बघायचं, आणि गाडीतच राहायचं

हॉक गाडीला घाबरत नाही, माणसाला घाबरतो. दार उघडून एक पाय बाहेर ठेवलात की तो खांब सोडतो. त्यामुळे वेग 25-30 मैलांच्या आसपास, मागे कोणी नाही बघून हळूहळू कडेला घ्यायचं, पक्ष्याच्या अगदी खाली नाही, थोडं अलीकडेच, इंजिन बंद, काच खाली आणि मग दुर्बीण. चालवणारा आणि बघणारा वेगळा असेल तर उत्तम, एकटेच असाल तर चालवताना आकाशाकडे बघायचा मोह टाळा, हायवे 14 वर मागून ट्रक येत असतात. ऊन पाठीशी राहील असा रस्ता निवडा, सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा. दुर्बीण 8x42 घ्या, याहून जास्त ताकदीची हातात हलते. स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी एकनळी दुर्बीण, सुरुवातीला लागत नाही.

पेट्रोल, म्हणजे इथल्या भाषेत गॅस, ग्रीली किंवा ऑल्टलाच भरून घ्या. नेटवर्क मध्येमध्ये जातं म्हणून नकाशा आधी डाउनलोड करा. पाऊस किंवा बर्फ वितळल्यावर मातीचे रस्ते असे चिकट होतात की साधी सेडान तिथेच रुतून बसेल, अशा दिवशी डांबरी रस्त्यावरच राहा. उन्हाळ्यात दुपारनंतर विजा आणि गारा, गवतात रॅटलस्नेक. आणि प्रेअरी डॉगच्या बिळांपाशी जाऊ नका, पोरांना आणि कुत्र्यांना तर अजिबात सोडू नका, त्यांच्या पिसवांमधून प्लेग पसरतो. हो, तोच प्लेग, आजही आहे इथे.

खांबावर कोण बसलंय

आता खरी ओळख. पक्षी दिसला की पहिला प्रश्न: कशावर बसलाय?

तारेवर बसला असेल आणि लहान असेल तर तो बहुतेक केस्ट्रल, म्हणजे छोटा ससाणा. मोठे हॉक तारेवर क्वचितच बसतात, त्यांना पायाखाली जाड, स्थिर काहीतरी लागतं. खांबाच्या टोकावर, आडव्या लाकडावर किंवा मोठ्या कॉटनवूडच्या झाडावर ऐटीत बसलेला जाडजूड पक्षी दिसला तर रेड-टेल्ड पासून विचार सुरू करा. झाडाच्या अगदी शेंड्याच्या बारीक काटकीवर, जिथे एवढा मोठा पक्षी बसूच कसा शकतो असं वाटतं, तिथे असेल तर रफ-लेग्डची शक्यता, त्याचे पाय आणि पंजे लहान असतात म्हणून त्याला ते जमतं. चक्क जमिनीवर, प्रेअरी डॉगच्या मातीच्या ढिगाऱ्याशेजारी उभा असेल तर फेरुजिनस. कुंपणाच्या बुटक्या खांबावर उन्हाळ्यात, स्वेन्सन्स.

हे नियम नाहीत, कल आहेत. फेरुजिनस विजेच्या खांबावर पण बसतो, रेड-टेल्ड पण जमिनीवर उतरतो. पण सुरुवात कुठून करायची हे तरी यातून कळतं.

उन्हाळ्यात कुठे शेत नांगरताना किंवा गवत कापताना दिसलं तर थांबाच. आपल्याकडे नांगरामागे बगळे असतात तसे इथे ट्रॅक्टरमागे स्वेन्सन्स असतात, उडालेले टोळ आणि उंदीर टिपायला, कधी कधी डझनावारी.

उडताना पंख बघा

समोरून येणाऱ्या पक्ष्याचे पंख सरळ आडवे आहेत की वर उचललेले, इंग्रजी व्ही सारखे? रेड-टेल्ड बऱ्यापैकी सपाट धरतो, स्वेन्सन्स आणि फेरुजिनस थोडे उचलून, हॅरियर चांगलेच उचलून. आणि अख्खा व्ही करून डावी-उजवीकडे डुगडुगत, पंख न हलवता कोणी मोठा काळा पक्षी जात असेल तर तो हॉक नाहीच, तो टर्की व्हल्चर, इथलं गिधाड. नवीन लोकांच्या "मी गरुड पाहिला" मधले बरेच गरुड हेच असतात.

हवेत एका जागी पंख मारत थांबलाय? थंडीत मोठा पक्षी असेल तर रफ-लेग्डचा विचार करा, लहान असेल तर केस्ट्रल. जोराचा वारा असला तर रेड-टेल्ड पण वाऱ्यावर तोंड करून स्थिर राहतो, पण तो सहसा पंख मारत नाही, नुसता लटकतो. फरक एकदा डोळ्यांनी बघितला की कळतो.

जमिनीपासून सहा-आठ फुटांवर, गवताला घासून, इकडे तिकडे झुकत चाललाय आणि शेपटीच्या बुडाशी पांढरा चौकोन चमकतोय? हॅरियर. संपला विषय.

एकेकाची पक्की खूण

*रेड-टेल्ड.* हा पक्का करा, बाकीचे याच्याशी ताडून बघायचे आहेत. वजन किलोच्या आसपास, पंखांचा पसारा चार फूट. तांबडी शेपटी फक्त मोठ्या पक्ष्याला, पहिल्या वर्षातल्या पिल्लाची शेपटी तपकिरी आणि बारीक पट्ट्यांची असते, त्यामुळे "शेपटी लाल नाही म्हणजे रेड-टेल्ड नाही" हे डोक्यातून काढून टाका. पक्की खूण खालून बघताना: पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत एक गडद पट्टी. फिक्या रेड-टेल्डमध्ये ती लहान-मोठ्या सगळ्यांना असते आणि इथल्या दुसऱ्या कुठल्या हॉकला अशी नसते. पोटावर बहुतेकदा रेघारेघांचा कमरपट्टा. पाठमोरा बसलेला असेल तर दोन्ही खांद्यांवर पांढुरके ठिपके, मिळून व्ही सारखे. आणि त्याची ती चिरकी, घोगरी किंकाळी तुम्ही आधीच ऐकलेली आहे, हॉलिवूडच्या पिक्चरमध्ये बाल्ड ईगल दाखवतात आणि आवाज याचा लावतात.

*फेरुजिनस.* माझा सगळ्यात आवडता, त्यामुळे थोडं जास्त लिहितो. अमेरिकेतल्या बुटिओ गटातला (रेड-टेल्ड, स्वेन्सन्स, रफ-लेग्ड पण याच गटातले) सगळ्यात मोठा, मोठी मादी दोन किलोपर्यंत जाते. बसलेला असला तर डोकं मोठं, छाती भरलेली, आणि पिवळी जिवणी इतकी मागे, डोळ्याखालपर्यंत गेलेली की कायम हसतोय असं वाटतं. पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. खालून उडताना पांढराशुभ्र, आणि मोठ्या पक्ष्याचे तांबूस पाय पोटाशी दुमडलेले असतात त्याचा गडद व्ही पांढऱ्या पोटावर उठून दिसतो. वरून बघितलं, म्हणजे तो वळताना, तर तीन पांढरे डाग: दोन्ही पंखांच्या टोकांकडे एकेक आणि शेपटीचं बूड. या पक्ष्याचं सगळं पोट प्रेअरी डॉग, जमिनीवरच्या खारी आणि मोठे ससे यांच्यावर चालतं, म्हणून वसाहत नांगरली, विष घातलं, प्लेगने गेली की हाही तिथून जातो. पूर्वी बायसनचे कळप होते तेव्हा याच्या घरट्यात बायसनची हाडं आणि शेण सापडायचं. घरटं उघड्यावर असतं, एकट्या झाडावर, खडकावर, कधी जमिनीवर पण, आणि अंडी घालायच्या दिवसांत माणूस जवळ आला तर घरटं सोडून देतो. म्हणून एप्रिल-मे मध्ये घरटं दिसलं तर लांबूनच बघा आणि जागा कुठे शेअर करू नका.

*रफ-लेग्ड.* पंखांच्या मनगटावर खालून काळे चौकोनी डाग, पांढऱ्या शेपटीला टोकाशी काळी पट्टी, पोट बरेचदा गडद. चोच लहान. त्याचेही पाय पिसांनी झाकलेले असतात, त्यामुळे नुसते पाय बघून फेरुजिनस म्हणू नका. ज्या थंडीत येतात त्या थंडीत बरे येतात, कधी शोधून सापडत नाहीत.

*स्वेन्सन्स.* रेड-टेल्डपेक्षा सडपातळ, पंख लांब आणि टोकदार. खालून पंखाचा पुढचा भाग फिका आणि मागची मोठी पिसं गडद, बाकीच्यांत साधारण उलटं असतं. छातीवर तपकिरी लाळेरं बांधल्यासारखा डाग आणि गळा पांढरा. बसलेला असेल तर पंखांची टोकं शेपटीच्या टोकाला पोचतात किंवा पुढे जातात, रेड-टेल्डची सहसा अलीकडेच राहतात. पिल्लांना उंदीर भरवतो पण एरवी मुख्य खाणं टोळ, एवढा मोठा हॉक किडे खाऊन जगतो यावर विश्वास बसत नाही. 1995-96 च्या सुमाराला अर्जेंटिनात टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं आणि ते टोळ खाऊन हे हॉक हजारोंनी मेले, नंतर तिथे त्याच्यावर निर्बंध आले. यवतमाळच्या कापसाच्या शेतकऱ्यांना हे नाव नवीन नाही, 2017 च्या फवारणीच्या विषबाधेत यादीत तेही होतं.

*हॅरियर.* ज्यांनी सासवड, कडबनवाडी किंवा नान्नजच्या माळावर हिवाळ्यात भोवत्या, म्हणजे आपल्याकडचा हॅरियर, पाहिलाय त्यांना हा लगेच कळेल, त्याच कुळातला. नर राखाडी-पांढरा, पंखांची टोकं काळी. मादी आणि पिल्लं तपकिरी. शेपटीच्या बुडाचा पांढरा डाग सगळ्यांना. तोंड घुबडासारखं चपटं असतं, कारण हा गवतातल्या उंदराची खुसखुस ऐकून शिकार करतो.

जे हॉक नाहीत पण मध्येच येतात

केस्ट्रल आणि प्रेअरी फाल्कन हे ससाण्याच्या कुळातले, त्यांचं नातं हॉकपेक्षा पोपटांशी जवळचं आहे, शास्त्रज्ञांनी डीएनएवरून शोधलंय, मी नाही सांगत. केस्ट्रल छोटा, तांबूस, गालावर दोन काळ्या रेघा, बसल्या बसल्या शेपटी हलवतो. प्रेअरी फाल्कन मातकट, टोकदार पंखांचा, वेगाने सरळ जातो आणि खालून काखा काळ्या दिसतात. गोल्डन ईगल दिसला तर शंका राहत नाही, पंख सहा-सात फूट, बाजूला रेड-टेल्ड असला तर पोर वाटतो.

प्रेअरी डॉग ओरडत असतील आणि एकदम सगळे बिळात गेले तर खाली बघू नका, वर बघा.

गडद पक्षी आणि नोंद

थंडीत इथे पूर्ण काळपट हॉक बरेच येतात. गडद रेड-टेल्ड, गडद रफ-लेग्ड, गडद फेरुजिनस, शिवाय अलास्काकडून येणारा हार्लन्स, जो रेड-टेल्डचाच प्रकार पण काळा आणि शेपटी राखाडी-पांढरी भुरकट. पहिल्या हिवाळ्यात यांच्या मागे लागू नका. शेपटीचे, उघड्या पंखांचे खालून आणि वरून असे जमतील तेवढे फोटो काढा, वाईट आले तरी चालतील, बसलेल्या पक्ष्याच्या एका सुंदर फोटोपेक्षा उडणाऱ्याचे चार धूसर फोटो कामाचे. मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपला फोटो दाखवा पण तारीख आणि जागा बरोबर टाका, नाहीतर ते पण गोंधळतं. ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर नोंद करताना नक्की नसेल तर "बुटिओ स्पीशीज" असा पर्याय मिळतो, तो निवडा, जुने जाणते लोक पण निवडतात.

आणि खांबाखाली पडलेलं पीस कितीही सुंदर असलं तरी तिथेच ठेवा. 1918 च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टनुसार परवान्याशिवाय ते घरी ठेवणं बेकायदा आहे, सापडलेलं असलं तरी. पोरं हट्ट करतील, फोटो काढून द्या.